अळिंबीच्या खोलीतील हवा : आधी माप, मग पाणी

जामखेड तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेला आहे. येथील शेतकऱ्याची दृष्टी जून उजाडल्यापासून आभाळाकडे लागलेली असते. अशा प्रदेशात घराच्या चार भिंतींच्या आत, थोड्या पाण्यावर आणि टाकाऊ काडावर येणाऱ्या पिकाकडे अल्पभूधारक शेतकरी आणि बचत गटांतील भगिनी वळाव्यात, हे स्वाभाविकच आहे. धिंगरी अळिंबी हे असे पीक होय. त्यास जमीन लागत नाही, कडक ऊन लागत नाही, आणि काड भरल्यापासून साधारण महिन्याच्या आत पहिली तोडणी हाती येते.

परंतु पीक छपराखाली आले म्हणजे हवामानाची चिंता सरली, हा समज मात्र खरा नव्हे. उलट, उघड्या शेतात हवा सांभाळण्याचे काम निसर्गाकडे असते. बंद खोलीत ते शेतकऱ्यावर येऊन पडते. ज्वारी दोन दिवसांची कोरडी हवा सहज सोसते. टाचणीच्या डोक्याएवढे अळिंबीचे अंकुर ती एक दुपारही सोसत नाहीत. पिवळे पडतात, सुकतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. त्या एका दुपारी आठवडाभराची विक्री बुडते. हातउसने पैसे घेऊन शेड उभारणाऱ्या कुटुंबास असे दोनतीन हंगाम पुरेसे होतात.

असे नुकसान झाले की दोष बहुधा बियाण्यास, म्हणजे स्पॉनला दिला जातो. काही वेळा तो खरा असतोही. पण पुष्कळदा बिघाड हवेत असतो, आणि त्यावर केला जाणारा उपाय बिघाडाहून वाईट असतो. पीक सुकलेले दिसले की पाणी मारले जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारले जाते. चौथ्या दिवशी छत्र्यांवर चिकट पिवळे डाग आणि पिशव्यांत हिरवी बुरशी दिसू लागते. मग तीच खोली अति ओली म्हणून सोडून द्यावी लागते. ह्या खोलीसाठी पहिला खर्च फवाऱ्यावर किंवा पंख्यावर नव्हे, तर दोन साध्या तापमापकांवर व्हावयास हवा. जामखेडसारख्या कोरड्या तालुक्यात तर ह्या क्रमाला पर्यायच नाही.

ह्याचे कारण समजून घेण्यासाठी दमटपणा म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. दमटपणा म्हणजे जमिनीवर सांडलेले पाणी नव्हे. हवेत जितकी वाफ मावू शकते तिच्या किती भाग वाफ प्रत्यक्ष आहे, ह्या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात; आणि किती वाफ मावते, हे उष्णतेवर अवलंबून असते. १० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत साडेनऊ ग्रॅमच्या आतच वाफ मावते, २५ अंशांस सुमारे २३ ग्रॅम, तर ४० अंशांस सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे हवा तापली की तिची तहान वाढते. वाफ तेवढीच राहिली तरी आर्द्रतेचा आकडा घसरतो.

ह्यावरून माघातील एक नेहमीची चूक उलगडते. पहाटे बाहेर १० अंशांची थंडी आणि हवेत ८० टक्के आर्द्रता आहे, असे समजू. खोली उबदार व्हावी म्हणून शेगडी पेटवली आणि तीच हवा २५ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातील आर्द्रता ८० टक्क्यांवरून जेमतेम ३३ टक्क्यांवर येते. शेतकऱ्यास वाटते, पिकास ऊब दिली. वस्तुतः त्याने पीक वाळत घातलेले असते. शिवाय कोळशाची शेगडी बंद खोलीत विषारी वायू सोडते. तिने पिकाची तर हानी होतेच, पण तेथे काम करणाऱ्या माणसाच्या जिवासही धोका असतो. थंडीच्या दिवसांत पीक चार दिवस उशिरा येऊ द्यावे, हे शेगडीपेक्षा कितीतरी स्वस्त.

आता वैशाखातील दुपार घेऊ. बाहेर ४० अंश उष्णता आणि २० टक्के आर्द्रता असली, तर एक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम वाफ असते. २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा खोलीत सुमारे ४५ घनमीटर हवा मावते. ती २५ अंशांवर ८५ टक्के दमट करावयाची, तर तिच्यात अर्ध्या लिटरहूनही कमी पाणी वाफेच्या रूपाने मिसळावे लागते. एका तांब्याएवढे पाणी! मग हंडेच्या हंडे कोठे जातात? ते दोन वाटांनी जातात. दार-खिडक्यांतून आणि पत्र्याच्या फटींतून दमट हवा निघून कोरडी हवा आत येते, तेव्हा प्रत्येक वेळी तो तांब्या पुन्हा भरावा लागतो. आणि तापलेले छप्पर सारा दिवस खोलीत उष्णता ओतत राहते. ती शोषण्यासाठी आणखी पाणी उडून जावे लागते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. माठातील पाणी थंड होते ते ह्याच नियमाने, आणि जुन्या घरांतील वाळ्याचे पडदे गारवा देत तेही ह्याच नियमाने. तेव्हा पाण्याची बचत झारीत शोधण्यापेक्षा दारात आणि छपरात शोधली पाहिजे.

छपराचा विषय निघालाच आहे, तर माळवदाबद्दल बोलणे अवश्य आहे. जामखेड, करमाळा आणि शेजारच्या बीड-धाराशिवकडील गावांत जाड दगडमातीच्या भिंतींची आणि मातीच्या धाब्याची जुनी घरे अद्याप आढळतात. कुटुंबे सिमेंटच्या घरात राहावयास गेली आणि माळवदे ओस पडली, असे दृश्य दुर्मीळ नाही. अळिंबीसाठी ह्याहून चांगली खोली नव्या पैशात मिळणे कठीण. जाड भिंत दिवसाची उष्णता आत यावयास विलंब लावते आणि रात्रीचा गारवा दुपारपर्यंत राखते. पत्र्याची शेड दहा वाजता तापते आणि सूर्यास्तानंतर भराभर निवते. ज्या पिकास स्थिर हवा हवी, त्यास हा हेलकावाच मारक ठरतो. तरीही नव्या शेडचा हव्यास सुटत नाही, कारण नवी शेड डोळ्यांत भरते. माळवदाच्याही उणिवा आहेत. सततच्या ओलीने तुळया व सरे कुजतात, म्हणून आढ्याखाली प्लॅस्टिकचा जाड कागद ताणून घ्यावा लागतो. पावसाळ्यापूर्वी धाबे गळत नाही ना, हे पाहावे लागते. आणि ज्या घरात माणसे झोपतात त्या घरात हे पीक घेऊ नये. ज्यांच्याजवळ पत्र्याचीच शेड आहे, त्यांनी पत्र्यावर उसाच्या पाचटाचा किंवा तुराट्यांचा जाड थर बांधावा आणि मगच पाण्याचा विचार करावा.

आता मापाकडे वळू. सारखे दाखवणारे दोन तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती स्वच्छ सुती वात गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडावे. दुसरा कोरडाच ठेवावा. वातीतील पाणी उडते, त्यामुळे ओला तापमापक कमी अंश दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका दोहोंतील फरक मोठा. दोन मिनिटे पुठ्ठ्याने वारा घालून मग वाचन घ्यावे. खोलीची उष्णता २२ ते २८ अंशांच्या दरम्यान असताना फरक दीड ते दोन अंश असला, तर आर्द्रता ८३ ते ८८ टक्क्यांच्या आसपास आहे असे समजावे. अळिंबी निघू लागल्यावर हीच हवा हवी. फरक तीन अंशांवर गेला की खोली कोरडी पडू लागली. तो एका अंशाच्या आत आला की पाणी बंद करून झरोके उघडावेत, मग भिंती कितीही कोरड्या दिसोत. बोअरचे जड पाणी वातीवर क्षार चढवते आणि वाचन फसवते; म्हणून पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, आणि वात पंधरवड्याला बदलावी.

बाजारात मिळणारे अंकदर्शक आर्द्रतामापकही चालतील. पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. ते पारखण्याची एक सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते चिखलाप्रमाणे ओले करावे, मात्र त्यावर पाणी तरंगू देऊ नये. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद डब्यात सावलीत रात्रभर ठेवावेत. ओल्या मिठावरील हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. सकाळी मापक त्याहून जेवढे कमी वा अधिक दाखवील, तेवढी त्याची चूक धरावी.

हे सारे खेड्यातील अल्पशिक्षित भगिनींस जमेल काय, अशी शंका काढली जाते. निदान जामखेडमध्ये तरी ती निघू नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि अक्षरओळखही नसलेल्या अनेक खेडूत स्त्रिया त्यात आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. गावातील बाळंतिणीची आणि बालकांची काळजी वाहण्याइतके ज्ञान ज्यांनी आत्मसात केले, त्यांच्या लेकीसुनांस दोन काचनळ्यांतील फरक मोजता येणार नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. अडचण असते ती मापाची सवय लावणाऱ्याची.

मापाची वेळ आणि जागाही महत्त्वाची आहे. काड भरल्यावर पहिले पंधरा ते वीस दिवस पिशव्या बंद असतात आणि बुरशीचे पांढरे तंतू आत पसरत असतात. ह्या काळात पिशवीवर पाणी शिंपडणे म्हणजे प्लॅस्टिक धुणे होय. आतील ओल काड भिजवतानाच ठरून गेलेली असते. मूठभर काड घट्ट दाबले असता तळवा ओला व्हावा पण थेंब गळू नये, ही तिची खूण. ह्या अवस्थेत भय कोरडेपणाचे नसून उष्णतेचे असते. वाढणारी बुरशी स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे पिशवीच्या पोटातील अंश खोलीपेक्षा दोनतीनने अधिक असतात. म्हणून तापमापक भिंतीवर शोभेसाठी न टांगता पिशव्यांच्या रांगेत टांगावा, पिशव्या एकमेकींस चिकटू देऊ नयेत, आणि वाचन ३० अंशांकडे सरकू लागल्यास रांगा विरळ कराव्यात.

पिशव्या कापल्यावर मात्र सारा प्रश्न बदलतो. आता पिकास दमटपणा हवा आणि ताजी हवाही हवी, आणि ह्या दोन गरजा परस्परांच्या विरुद्ध जातात. दार बंद ठेवले तर अळिंबीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडतो. देठ लांबतात, छत्र्या लहान राहतात, आणि असा माल ग्राहक घेत नाही. दार उघडले तर दुपारची कोरडी हवा अंकुर जाळते. ह्यातून वाट काढावयाची ती घड्याळाच्या साह्याने. पहाटे आणि रात्री बाहेरची हवा थंड व तुलनेने दमट असते; तेव्हा झरोके मोकळे ठेवावेत. सकाळी दहा ते सायंकाळी पाच हवा अगदी थोडी येऊ द्यावी, आणि तीही जमिनीलगतच्या झरोक्यावर टांगलेल्या ओल्या गोणपाटातून. आढ्याजवळ लहान वाट ठेवली की उष्ण हवा आपोआप वर निघून जाते. पाणी द्यावयाचे ते भिंतीस, जमिनीवरील वाळूस आणि गोणपाटास. छत्र्यांवर पाण्याचे थेंब तासन्‌तास राहिले की जीवाणूंचे डाग पडलेच म्हणून समजावे. देठ लांबू लागले तर पाण्याकडे न पाहता झरोक्याकडे पाहावे, ही खूण प्रत्येक उत्पादकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ऋतूंचा विचार केला, तर जामखेडचे वर्ष ह्या पिकासाठी सारखे नाही. जून ते सप्टेंबर हवा स्वतःच दमट असते. तेव्हा पाणी कमी आणि हवा अधिक, हे धोरण असावे. माश्यांचा त्रास ह्याच काळात होतो, म्हणून झरोक्यांस बारीक जाळी हवी. ऑक्टोबरची उन्हे फसवी असतात. पावसाळ्याची सवय लागलेला उत्पादक गाफील राहतो आणि आठ दिवसांत खोली कोरडी पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. थंडी मानवणारी पांढरी धिंगरी तेव्हा घ्यावी. मार्चमध्ये हात आखडता घ्यावा. आणि एप्रिल-मे?

येथे मतभेद आहे, आणि तो स्पष्टपणे मांडला पाहिजे. बारमाही उत्पन्नाची ग्वाही देऊन स्पॉन आणि साहित्य विकणारे सर्वत्र आढळतात. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेली हवा केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने तत्त्वतः २३ अंशांपर्यंत निवू शकते. ओल्या तट्ट्या आणि मोठे पंखे बसवून व्यवहारात त्याच्या जवळपास पोहोचता येते. हरितगृहांत हीच पद्धत वापरतात. पण त्यासाठी दिवसभर अखंड वीज हवी आणि तट्ट्यांवर क्षार न चढवणारे पाणी हवे. वीज एक तास गेली तरी पत्र्याखालील पीक हातचे जाते. बटन अळिंबीची गोष्ट त्याहून अवघड. तिला फळे धरताना १४ ते १८ अंशांची थंडी लागते आणि ती येथे वातानुकूलन यंत्राविना मिळणार नाही. कोणी म्हणतील, उन्हाळ्यात दुधी अळिंबी घ्यावी, तिला ३० ते ३५ अंश मानवतात. उष्णता मानवते हे खरे. परंतु तिलाही ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागतेच. ३२ अंशांवर ८० टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरला सुमारे २७ ग्रॅम वाफ. धिंगरीच्या २५ अंशांच्या खोलीस वीस ग्रॅमच्या आत भागते. म्हणजे बाहेरच्या कोरड्या हवेत दुधी अळिंबीसाठी जवळजवळ दुप्पट वाफ घालावी लागते.

पाण्याचा हा हिशेब एरवी किरकोळ वाटेल. परंतु टंचाईच्या उन्हाळ्यात ह्या तालुक्यातील गावांस टँकरची वाट पाहावी लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. ज्या महिन्यांत बाया हंड्यासाठी रांगेत उभ्या असतात, त्या महिन्यांत गोणपाट ओले ठेवण्याचा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही. काडाविषयीही तेच. ज्वारीच्या कडब्यावर धिंगरी येते, पण येथे कडबा हे जनावराचे अन्न आहे. गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे भुसकट असताना कडब्यास हात लावू नये. सामान्य उत्पादकाने एप्रिल व मे हे दोन महिने खोली बंद ठेवावी, आणि कर्जाचे हप्ते, विक्रीचे करार व मजुरी ही दहा महिन्यांच्या उत्पन्नावरच बेतावी. बारा महिन्यांच्या हिशेबावर काढलेले कर्ज दहा महिन्यांत फिटत नाही, आणि अनेक गटांची अडचण खोलीपेक्षा ह्या कागदावरच अधिक असते.

म्हणूनच शेडसाठी अनुदान वा कर्ज मंजूर करण्यापूर्वी अर्जदाराने त्याच जागेतील पंधरा दिवसांची सकाळ, दुपार व रात्र अशी ओल्या-कोरड्या तापमापकांची नोंद जोडावी, असा दंडक घालणे योग्य होईल. आज अर्जास जागेचा उतारा जोडावा लागतो. जागेतील हवेचा उतारा कोणी मागत नाही. तालुक्यातच हळगाव येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर कृषी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी माळवद, पत्रा व पाचटाचे छप्पर अशा तीन खोल्यांतील वर्षभराची वाचने घेऊन ती गावोगाव लावली, तर खर्डा, नान्नज किंवा जवळा येथील उत्पादकास परप्रांतातील कोष्टकांवर विसंबावे लागणार नाही. सोलन येथे देशातील अळिंबी संशोधनाची मोठी संस्था आहे आणि तिचे काम मोलाचे आहे. पण सोलनची हवा हिमालयाच्या पायथ्याकडील डोंगराची आहे, जामखेडची नव्हे.

तोडणीविषयी एक सूचना बहुधा राहून जाते. छत्रीच्या कडा वर वळू लागण्यापूर्वीच अळिंबी काढावी. उशीर झाला की अगणित बीजाणू हवेत उडतात, आणि कोंदट खोलीत रोज वावरणाऱ्यांस खोकला व दम्यासारखा त्रास जडतो. तोडणीपूर्वी झरोके उघडून खोली वारवून घ्यावी आणि नाकातोंडास फडके बांधावे. लहान मुलांस तोडणीच्या वेळी खोलीत घेऊ नये.

मार्चअखेर शेवटची तोडणी झाली की वापरलेले काड शेणखताच्या खड्ड्यात टाकावे, खोली रिकामी करून उन्हे आत घ्यावीत आणि भिंतींस चुन्याचा हात द्यावा. वाळू बाहेर पसरून वाळवावी. गोणपाटे उकळत्या पाण्यातून काढावीत. तापमापक मात्र जागेवरच राहू द्यावेत. रिकाम्या खोलीतील मे महिन्याची वाचने वहीत उतरली, म्हणजे छपरावर पाचटाचा आणखी एक थर चढवावयाचा की नाही, हे मृगापूर्वीच ठरवता येते.